डब्लिन-बेलफास्ट गाडीत रेल्वेवाल्यांना निम्मं भाडं कशासाठी?

लिफीकाठचा
इंग्लंडमधल्या एका रेल्वे कंपनीत नोकरी करणारा मित्र मध्यंतरी बायकोला घेऊन आमच्याकडे आला होता. तिघं मिळून डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून एंटरप्राइझ या गाडीने बेलफास्टला गेलो. मी पूर्ण भाडं दिलं, त्या दोघांनी निम्मं. कारण त्यांच्याकडे एफआयपीचं कार्ड. युरोपातल्या बहुतेक रेल्वेंनी आपसात करार केलाय, त्यानुसार एकमेकांच्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना भाड्यात ५० टक्के सूट मिळते. वर फुकट प्रवासाची काही कूपनंही असतात. दक्षिणेची, म्हणजे आयर्लंड देशाची आयरिश रेल आणि उत्तरेची, म्हणजे ब्रिटिश अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडची एनआय रेल्वेज, दोन्ही त्यात आहेत.

आपल्याच रेल्वेवर सूट असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण सीमा ओलांडून, दुसऱ्याच्या देशात, सुट्टीत मजा करायला जाताना कशाला? या दोन्ही रेल्वे सरकारी अनुदानावर चालतात. एंटरप्राइझचे डबे १९९७ सालचे. आता नव्या गाड्यांसाठी युरोपीय संघ आणि ब्रिटनच्या पीसप्लस योजनेतून १६.५ कोटी युरो मंजूर झालेत, म्हणजे तेही करदात्याचेच. पैसे आमचे आणि खिडकीची जागा रेल्वेवाल्याच्या मेहुण्याला, हे काही पटत नाही.

भुसावळ_जंक्शन
मेहुण्याला मिळत नाही. जोडीदार आणि मुलं, तेही वयाच्या अटीत. आधी एवढं दुरुस्त करून घ्या.

मी रेल्वे कॉलनीत वाढलो. आमच्याकडे दरवर्षी पासाचे ठरावीक सेट मिळत. ते संपले की पीटीओ, म्हणजे एकतृतीयांश भाडं. लोकांना तो पास दिसतो. दिवाळीच्या रात्री यार्डात असलेला बाप दिसत नाही. ही सूट म्हणजे पगाराचाच भाग असतो आणि नोकरीला लागताना तो हिशेबात धरलेला असतो. काढून घ्यायची तर पगार वाढवा, मग तो पैसा तुमच्याच तिकिटातून वसूल होईल.

आणि एफआयपी ही खैरात नाही, देवाणघेवाण आहे. तुमचा मित्र बेलफास्टला निम्म्यात गेला, तसाच डब्लिनचा ड्रायव्हर बायकोमुलांना घेऊन पॅरिसहून लियाँला निम्म्यात जातो.

हिशेबनीस
पगाराचा भाग हे मान्य. पण कोणाच्या पगाराचा? मित्राला पगार देते इंग्लंडची कंपनी आणि जागा जाते एंटरप्राइझची. देवाणघेवाण सारखी असती तर प्रश्न नव्हता. पण छोट्या रेल्वेकडे पाहुणे किती येतात आणि तिची माणसं बाहेर किती जातात, याचा ताळेबंद कोणी मांडलेला मी तरी पाहिला नाही.

रिकाम्या डब्यात एक जास्तीचा माणूस बसला तर रेल्वेचा खर्च जवळपास शून्य, उलट निम्मं भाडं हाती येतं. मंगळवारी सकाळी अकराच्या गाडीत खुशाल बसवा. शुक्रवारी संध्याकाळी गाडी भरून जात असेल तर तीच सूट म्हणजे पूर्ण भाडं देणाऱ्याची जागा अडवणं. लंडन-पॅरिस धावणाऱ्या युरोस्टारने यावर तोडगा काढलाय. तिथे कर्मचाऱ्यांसाठी वेगळं भाडं आणि मोजक्या जागा असतात, त्या संपल्या की पूर्ण तिकीट काढा. एंटरप्राइझवर हेच करा.

तिकीट_खिडकी
"दुसऱ्याच्या देशात" वाचून थोडं हसू आलं. ११ ऑगस्ट १९४७ ला एंटरप्राइझ सुरू झाली तेव्हा दोन्ही बाजूंचा रूळ एकाच कंपनीचा होता, ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा. सीमेवर कस्टमवाल्यांसाठी गाडी खोळंबायची, म्हणून ही गाडी मध्ये न थांबता नेली आणि सामानाची तपासणी दोन्ही टोकांच्या स्टेशनांवर ठेवली. पुढे कंपनी डबघाईला आली, १९५३ मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून ती घेतली आणि १९५८ मध्ये वाटणी झाली. इंजिनं, डबे, माणसं, सगळं दोन सरकारांत विभागलं गेलं. सीमेजवळचे कितीतरी फाटे त्या काळात बंद पडले. डोनेगल जिल्ह्यात आजही रेल्वे नाही.

रुळाची रुंदी अजूनही सगळ्या बेटावर एकच, १६०० मिलिमीटर. ब्रिटनची वेगळी. त्यामुळे या बेटावरच्या रेल्वेवाल्याला सीमेपलीकडचा रूळ परका वाटत नाही.

अजून एक. उत्तरेतल्या संघर्षाच्या काळात या मार्गावर इतके बॉम्ब आणि बॉम्बच्या धमक्या झाल्या की १९८९ मध्ये सामान्य लोकांनी त्याविरुद्ध 'पीस ट्रेन' नावाने गाड्या काढल्या. असल्या मार्गावर रोज ड्युटीला जाणाऱ्या माणसाला आणि निवृत्तीनंतरही त्याला सूट मिळाली, तर माझ्या खिशातून गेलेले चार युरो मला जड नाहीत.

लिफीकाठचा
@तिकीट_खिडकी, इतिहास उत्तम, पण माझा मित्र त्या मार्गावर कधीच ड्युटीला नव्हता. तो ऑफिसात संगणकावर वेळापत्रक बघतो.

@भुसावळ_जंक्शन, आपल्याकडचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती पुन्हा आली नाही. कर्मचाऱ्यांचे पास मात्र चालू. म्हाताऱ्या प्रवाशाआधी रेल्वेवाला, हा क्रम तुम्हाला बरोबर वाटतो?

भुसावळ_जंक्शन
नाही वाटत. माझी आईही त्या सवलतीला मुकली असती, कौटुंबिक पास होता म्हणून भागलं. पण ज्येष्ठांची सवलत परत द्या म्हणायचं सोडून दुसऱ्याचीही काढा, ही कुठली मागणी? आयर्लंडने तर दोन्ही ठेवलंय. एप्रिल २००७ पासून दक्षिणेतले ६६ वर्षांवरचे लोक उत्तरेत फुकट फिरतात आणि उत्तरेतले ६५ वरचे दक्षिणेत.

मालवणी_खाजं
तुमचं भाड्यावर भांडण चाललंय, इथे आम्हाला गाडीत चढायचीच पंचाईत. भारतीय पासपोर्ट, डब्लिनमध्ये नोकरी, आयर्लंडचं रीतसर निवासपत्र खिशात. तरी बेलफास्टला जायचं तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा. सीमेवर फाटक नाही, शिक्का मारणारा नाही, सीमेपलीकडचं न्यूरी कधी आलं ते खिडकीतून कळतही नाही, पण कायदा कायदाच. गंमत म्हणजे आईवडील भारतातून दोन्ही देशांना चालणाऱ्या पर्यटक व्हिसावर आले, तर ते ऐटीत बेलफास्ट बघून येणार आणि त्यांना इकडे बोलावणारा मुलगा कॉनलीला हात हलवत उभा.

आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडच्या घराण्यातला लिओ वराडकर इथे २०११ ते २०१४ वाहतूकमंत्री आणि नंतर पंतप्रधानही झाला, तरी आमचं घोडं अडलेलंच. निम्मं नको, दुप्पट भाडं घ्या, पण जाऊ द्या.

हिशेबनीस
@मालवणी_खाजं, खरा प्रश्न आहे, पण वेगळा धागा काढा. तिथे मी पहिला +१ देईन.

तिकीट_खिडकी
ज्यांना भाडं फार वाटतं त्यांनी एम-वन महामार्गावरून जाणारी बस धरावी. स्वस्त आहे आणि वाटेत डब्लिनचा विमानतळही लागतो, जिथे रेल्वे जातच नाही. एंटरप्राइझचं गिऱ्हाईक ती बस पळवतेय, एफआयपी कार्डवाला नव्हे.

लिफीकाठचा
बस मला लागते. उलटीची पिशवी घेऊन बेलफास्ट गाठण्यापेक्षा पूर्ण भाडं देईन. मुद्दा तो नाहीच.

हिशेबनीस
मुद्द्यावर येऊ. @भुसावळ_जंक्शन, गर्दीच्या गाड्यांत सूट बंद ठेवली, बाकी वेळ चालू, याला तुमची हरकत आहे का? हो की नाही एवढंच सांगा.

भुसावळ_जंक्शन
ऑक्टोबर २०२४ पासून साधारण तासाला गाडी आहे, त्यामुळे एखादी सोडायला कर्मचाऱ्याची ना नसावी. पण मग ६६ वरच्यांनाही हाच नियम लावाल?

हिशेबनीस
नाही. त्यांच्या प्रवासाचे पैसे सरकार रेल्वेला देतं. तुमच्या सवलतीचे कोण देतं, ते आधी सांगा.