निर्णय दुकानदाराचा, दडपण कोणाचे?
‘वादग्रस्त कॅसेट न ठेवणे हा दुकानदाराचा व्यापारी निर्णय आहे, त्याला सेन्सॉरशिप म्हणू नये,’ हे मत मला पटत नाही. फ्लोरिडात जून १९९० मध्ये न्यायालयाने ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप संगीत गटाचा अल्बम अश्लील ठरवला आणि दोनच दिवसांत तो विकणाऱ्या एका दुकानदाराला अटक झाली. वरच्या न्यायालयाने १९९२ मध्ये तो निकाल फिरवला खरा, पण तोवर इतर दुकानदारांनी घ्यायचा तो धडा घेतलाच असणार. दादरला आमच्या ओळखीच्या कॅसेटविक्रेत्यांनी, चौघे जण येऊन काचेवर थाप मारून गेल्यावर, एक कॅसेट दर्शनी फळीवरून काढून गल्ल्याखालच्या खोक्यात ठेवली होती. सरकारी बंदी नव्हती, साधी नोटीसही नव्हती. मागणाऱ्याला ‘संपली’ असे सांगताना ते नजर चुकवत, आणि तो निर्णय त्यांचा होता असे मी कधीही म्हणणार नाही.