प्रतिसाद: करूळनं उतरून फोंड्यानं परत

दादा, गगनबावड्याहून करूळ घाटानं खाली वैभववाडी आणि फोंडा घाट चढून दाजीपूर-राधानगरीवरून परत, हा तुम्ही मांडलेला सहलीचा बेत एकदम पक्का. ऑक्टोबरात यापेक्षा चांगला रस्ता नाही. फक्त वेळ बदला. गगनबावडा कोल्हापुरातनं ५५ किलोमीटर, पण पहाटे धुकं असं दाटतं की पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसत नाही. वाटेतल्या कळे गावात चहा घेऊन उन्हं आल्यावरच पुढं जाऊया.

करूळ उतरताना दुसरा गिअर सोडू नका. गेल्या वर्षी आमच्यातला एकजण तिसऱ्यात पाय ब्रेकवर ठेवूनच उतरला. निम्म्यात ब्रेकच्या ड्रमचा जळका वास सुटला, पेडल दाबलं तरी गाडी धरेना. कडेच्या मातीत घालून थांबवली. अर्धा तास ड्रम गार व्हायची वाट बघत बसलो.

परतीला खरी भीती उसाची. हंगाम सुरू झाला असेल तर राधानगरीपासून खाली दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर लागतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. म्हणून धरणावर फोटो चारच्या आत उरका, अंधाराआधी कोल्हापुरात पोचायचंय.

नवी पोरं मधे ठेवा. सगळ्यांच्या मागं मी राहतो, पंक्चरचं सामान माझ्याकडं आहे.