अर्धा इंची इम्पॅक्ट गन घेताना: रिंगवाली की पिनवाली?

हायवे_पंक्चर

गळीत हंगाम तोंडावर आला की निपाणी-संकेश्वर पट्ट्यात बॅटरीच्या इम्पॅक्ट गनची (ठोके देत नट-बोल्ट खोलणाऱ्या हत्याराची) खरेदी जोरात असते. दुकानात विचारणा होते ती न्यूटन मीटरची (टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर) आणि बॅटरीची. गनच्या पुढच्या चौकोनी टोकावर, म्हणजे चौकोनावर (अर्धा इंच हे त्याचंच माप), गोटी, म्हणजे नट धरणारा सॉकेट, कशानं अडकून राहते, हे बॉक्स उघडल्यावर कळतं.

प्रकार तीन. रिंग: चौकोनाच्या खाचेत तुटक पोलादी रिंग आणि तिच्याखाली रबरी ओ-रिंग. गोटी दाबली की बसते, ओढली की निघते. पिन: चौकोनाच्या एका बाजूतून स्प्रिंगवर वर आलेली बारीक पिन, ती गोटीच्या भोकात शिरते. काढताना त्या भोकातून टोच्यानं पिन आत दाबावी लागते. तिसरा आरपार भोकाचा: चौकोन आणि गोटी दोन्हींतून एक सुटी पिन जाते आणि ती निसटू नये म्हणून गोटीवरच्या खाचेत रबरी रिंग चढवतात.

माझं मत: अर्धा इंचीला रिंगच घ्या. कारच्या कामात 17, 19, 21 मिलिमीटर अशा गोट्या गाडीगणिक बदलतात. प्रत्येक बदलाला ग्रीसनं माखलेल्या हातात टोच्या शोधत बसायचं असेल, तर गन घेऊन वाचलेला वेळ तिथंच गेला. शिवाय पिनसाठी चौकोनाला आडवं भोक पाडलेलं असतं, म्हणजे तेवढं मांस कमी. चौकोन तुटतो तो बहुधा त्या भोकापाशीच.

होनग्याचा_फिटर

जमिनीवर उभं राहून चाकं खोलणाऱ्यांना हे पटेल. लोखंडी शेडच्या इरेक्शनला (उभारणीला) या. M16 च्या (16 मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला 24 ची गोटी, लांब नळीची घेतली तर वजन पाव किलोच्या पुढे. 10 मीटरवरून सुटली तर खाली पोचेपर्यंत वेग ताशी 50 किलोमीटर. खाली हेल्मेट असलं तरी खांद्याला कोण वाचवणार?

रिंग नवी असताना गोटी घट्ट धरते हे मान्य. पण ती झिजते हळूहळू आणि आज किती झिजली हे डोळ्यांना दिसत नाही. पिन एक तर भोकात शिरलेली असते, नाही तर नसते. वर चढण्याआधी गोटी ओढून बघितली की निकाल लागला. आणि शेडवर दिवसभर एकच माप चालतं, गोटी बदलायची वेळच येत नाही. मग टोच्याची तक्रार कसली?

हायवे_पंक्चर

"शिरलेली असते, नाही तर नसते" हे कागदावर ठीक आहे. गोटीला भोक असतं समोरासमोरच्या दोन बाजूंना. चौकोन चार प्रकारे बसतो, त्यातल्या दोन वेळा पिन भोकात जाते आणि उरलेल्या दोन वेळा सपाट भिंतीला टेकून नुसती दाबलेली राहते. हाताला गोटी बसल्यासारखी वाटते, अडकलेली काहीच नसते. घाईत हे हमखास होतं.

दुसरं म्हणजे, हातपान्याची चकचकीत क्रोमची गोटी कुणीतरी पिनवाल्या गनवर चढवतोच. तिला आत खड्डा असतो, बाहेरपर्यंत भोक नसतं. पिन खड्ड्यात बसली की दाबायला वाट नाही आणि गोटी निघत नाही. मग व्हाइस, हातोडा आणि शिव्या. तशीही क्रोमची गोटी इम्पॅक्टला लावूच नये, ती कठीण पण ठिसूळ असते आणि फुटली की तुकडा डोळ्याकडे येतो. जाड काळी क्रोम-मॉलीचीच लावायची.

होनग्याचा_फिटर

दोन बाजूंचा मुद्दा खरा आहे. उपाय साधा आहे: चौकोनाच्या पिनच्या बाजूला आणि गोटीच्या भोकाच्या रेषेत पांढऱ्या मार्करनं एकेक रेघ. रेघेला रेघ लावा, खट्ट आवाज ऐका, ओढून बघा. क्रोमच्या गोटीचा दोष मात्र पिनच्या माथी मारू नका. तो वापरणाऱ्याचा.

दहाचाकी

तुम्ही दोघंही अर्ध्या इंचात अडकलाय. ट्रकच्या कामाला एक इंची गन लागते आणि तिथं वादाला जागाच नाही, आरपार भोकच.

हिशेब बघा. दहा चाकी गाडीला हब सहा, दहा स्टडचा हब धरला तर 60 नट. M22 चे, बहुतेक 32 किंवा 33 चे. सकाळी लावलेली गोटी संध्याकाळपर्यंत तीच. एक इंचीची 33 ची लांब गोटी चांगलीच जड असते. गन खाली झुकवली की तिचं वजन सतत बाहेर ओढतं आणि प्रत्येक ठोक्याबरोबर ती थोडी थोडी पुढं सरकते. नुसत्या रिंगला हे झेपत नाही. पाऊण इंचीत रिंग आणि आरपार भोक दोन्ही असलेला चौकोन मिळतो. तो मिळत असेल तर दुसरं बघूच नका. हलकी गोटी रिंगवर, जड गोटी पिनवर.

कागवाड_ट्रॅक्टर

काय बोलूलैस गा! पिन आणि रबरी रिंग हरवतेच की ओ. उसाच्या ट्रॉल्या खोलताना कोण शोधतंय पाचटात? आमच्याकडं खिळा वाकवून घालत्यात नाहीतर बायंडिंगची तार. चालतंय की.

दहाचाकी

चालतंय ते सुटेपर्यंत. मोकळी फिरताना गन मिनिटाला काही हजार फेरे घेते. वाकवलेला खिळा बाहेर आला, तर आधी बोटांना लागतो, मग उडतो. तार तर ठोक्यांनी दोन दिवसांत तुटते आणि तिची टोकं हातमोज्यात अडकतात. फिरत्या गोटीत हातमोजा अडकला की मनगट सोबत जातं.

पिन आणि रबर एकत्र साच्यात केलेली एकसंध रिंग मिळते. एका जागी सुटं काहीच राहत नाही, हरवायची भीती कमी. गोटीवरच्या खाचेचा व्यास आणि भोकाचा व्यास मोजून न्या, गोटीच्या मापावरून मागू नका. 33 ची गोटी एका कंपनीची बारीक, दुसरीची जाड. रबर ढिलं पडलं तर पिन बाहेर येते, फार ताणून बसवलं तर आठवड्यात चीर जाते. डिझेलनं धुवायची सवय असेल तर रबर फुगतं, तेही बघा.

उद्यमबाग_मेंटेनन्स

फाउंड्रीच्या बाजूनं दोन गोष्टी.

पिनचा खरा शत्रू मोल्डिंगची वाळू. पिनच्या भोकात बारीक वाळू आणि तेल मिळून लापशी होते, पिन आत दाबली की आतच राहते. मग तुमची "पक्की" गन रिंगवालीपेक्षा वाईट, कारण आता गोटी धरायला काहीच नाही. वाळूच्या खात्यात पिनवाली ठेवायची तर रोज शिफ्टला हवा मारा आणि पिन बोटानं चार वेळा दाबून वर येते का बघा. तेलाचा एकच थेंब. ग्रीस अजिबात नको, ते वाळू धरून ठेवतं.

दुसरं: "रिंगनं टॉर्क कमी मिळतो" असं काही लोक सांगतात, ते चूक. जोर चौकोनाच्या बाजूंतून जातो, रिंग गोटीला फक्त लांबीत धरते. टॉर्क जातो तो चौकोनाचे कोपरे गोल झाल्यावर, गोटीचं तोंड पसरल्यावर आणि एकावर एक ॲडाप्टर चढवल्यावर. ते दोन्ही प्रकारांत सारखंच.

चिकोडी_22

मग रिंगवाली घेतली आणि तीन महिन्यांत गोटी गळायला लागली, तर? गन बदलायची?

उद्यमबाग_मेंटेनन्स

गन नाही, आधी निदान. नवी गोटी लावून बघा. नवी घट्ट बसते आणि जुनी गळते, तर दोष गोटीच्या पसरलेल्या तोंडाचा. नवीही गळते, तर रिंग अंगठ्यानं दाबा. दाबली जाऊन परत वर येत नसेल तर खालचं रबर उष्णतेनं कडक झालंय. वर येते पण तिचे कोपरे चकचकीत सपाट झालेत, तर रिंगच झिजली.

बदलायला पाच मिनिटं. बॅटरी काढा, हवेची असेल तर होज काढून ट्रिगर दाबा म्हणजे उरलेली हवा जाईल. चष्मा घाला, ही रिंग उडते. बारीक टोच्या फटीत घालून एक टोक वर काढा, मग दुसरं. जुनं रबर खरवडून खाच कपड्यानं पुसा, खाचेत पोलादी कण राहिले तर नवं रबर कापतात. नव्या रबराला तेलाचं बोट लावून बसवा, वर रिंग. रिंग चौकोनाच्या कोपऱ्यांवरून जेमतेम जाईल एवढीच उघडायची. जास्त ताणली की तिची स्प्रिंग मेली, ती परत दाबून आणता येत नाही.

नव्या रिंगवर पहिले काही दिवस गोटी फार घट्ट जाते. तेव्हा हातोडीनं ठोकू नका, तो मार गनच्या आतल्या भागावर बसतो. थोडी फिरवत फिरवत तळहातानं दाबा, काढतानाही वाकडीतिकडी हलवत ओढा.

होनग्याचा_फिटर

म्हणजे रिंगवाल्यांनाही दर काही महिन्यांनी देखभाल आलीच. मी हेच म्हणतोय. उंचीवर ही देखभाल कोण तपासतो? सुपरवायझर गोटी ओढून बघू शकतो, रबराचा कडकपणा बघत नाही.

हायवे_पंक्चर

उंचीच्या कामाला पिन, हे मान्य करतो. रस्त्याकडेच्या गॅरेजला नाही मान्य. पण एक अट दोन्हीकडे: गनवर शेवटचा कस देऊ नका. कारचा नट साधारण 100-120 न्यूटन मीटर, ट्रकचा M22 600 च्या आसपास, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. गन नुसती टेकवेपर्यंत, पुढं टॉर्क पाना.

कागवाड_ट्रॅक्टर

ती एकसंध रबरी रिंग बेळगावात मिळते काय ओ? आणि 27 च्या गोटीला व्यास कुठून कुठं मोजायचा?

दहाचाकी

हवेच्या हत्यारांचं सामान ठेवणाऱ्याकडं विचारा, हार्डवेअरच्या दुकानात नको. गोटीच्या मागच्या टोकाला, भोकावरून जाणारी गोल खाच दिसेल. व्हर्निअर खाचेच्या तळाला लावा, बाहेरच्या अंगाला नाही. भोकासाठी ड्रिल बिट घालून बघा, जो सैल न होता जातो तो पिनचा व्यास. दोन्ही आकडे आणि गोटी सोबतच न्या.