ॲपियम क्लायंट ८ केला तरी जुनं सेलेनियम येतंय, व्हर्जन नेमकं कुठे अडकतंय?

प्रश्न

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले अडकलोय, प्लीज मदत करा. अँड्रॉइड ॲपच्या टेस्ट आपोआप चालवणारा जुना ऑटोमेशन प्रोजेक्ट आहे (ॲपियम हे त्यासाठीचं टूल, त्याचा जावा क्लायंट आतून सेलेनियम ही ब्राउझर टेस्टिंगची लायब्ररी वापरतो), जावा, मेव्हन (बिल्ड करून लायब्ररी आणणारं टूल), टेस्टएनजी (टेस्ट चालवणारी लायब्ररी). जावा क्लायंट ७ आणि सेलेनियम ३.१४१.५९ वर सगळं व्यवस्थित चालत होतं. आता सर्व्हर ॲपियम २ वर नेलाय म्हणून पॉममध्ये (मेव्हनची सेटिंग फाइल) क्लायंट ८.६.० केला आणि सेलेनियम जावा ४.१३.०. मोबाइलएलिमेंट हा जुना क्लास सापडत नाही म्हणून एररचा ढीग आला, ते सगळीकडे वेबएलिमेंट करून मिटवलं. आता कंपाइल होतंय पण रन केलं की ड्रायव्हर बनवायच्या ओळीवरच नोक्लासडेफफाउंडएरर, आणि न सापडणारा क्लास सेलेनियमचाच! क्लीन करून बघितलं, एम२ फोल्डर (मेव्हनने डाउनलोड केलेल्या लायब्ररींचा) उडवून सगळं परत डाउनलोड केलं, क्लायंटचे तीन व्हर्जन बदलून पाहिले, काही फरक नाही.

उत्तर १

व्हर्जन बदलत बसू नका, आधी मेव्हन खरंच काय उचलतोय ते बघा. डिपेंडन्सी ट्री (कुठली लायब्ररी कुणामागून येते ती यादी) काढा आणि त्यात फक्त सेलेनियमच्या ओळी वाचा. सेलेनियम जावा म्हणजे एकच जार (जावा लायब्ररीची फाइल) नाही, त्याच्या खाली सेलेनियम एपीआय, रिमोट ड्रायव्हर, सपोर्ट असे वेगवेगळे जार येतात. तुम्ही वरच्याचं व्हर्जन ४ केलं म्हणून खालचे ४ चे येतीलच असं नाही, आणि कंपाइल होऊन रनला क्लास सापडत नाही म्हणजे बहुतेक वेळा तिथेच सरमिसळ असते.

पॉममध्ये पॅरेंट (ज्याच्याकडून सेटिंग्ज वारशाने येतात) म्हणून स्प्रिंग बूट हे जावा फ्रेमवर्क आहे का?

प्रश्नकर्ता

हो आहे, २.६! एपीआय टेस्टसाठी कोणीतरी आधी टाकलेलं, मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. आत्ता ट्री काढला, सेलेनियम जावा ४.१३.० आणि त्याच्याच खाली रिमोट ड्रायव्हर ३.१४१.५९.

उत्तर १

मग सापडलं. स्प्रिंग बूट २.६ चा पॅरेंट सेलेनियमचं व्हर्जन स्वतः ठरवतो. तुम्ही थेट लिहिलेल्या डिपेंडन्सीला तो हात लावत नाही पण तिच्यामागून येणाऱ्या सगळ्यांना ३ वर आणून ठेवतो. पॉमच्या प्रॉपर्टीजमध्ये सेलेनियम डॉट व्हर्जन ४.१३.० लिहा, पॅरेंटची व्हॅल्यू ओव्हरराइड होते. पॅरेंट न लावता बॉम (लायब्ररींच्या व्हर्जनची तयार यादी) इम्पोर्ट केला असता तर ही प्रॉपर्टी चालली नसती, तेव्हा डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये सेलेनियमचा बॉम स्प्रिंगच्या बॉमच्या वर ठेवावा लागतो.

पॅरेंट नसेल तरी सेलेनियम पिन कराच, म्हणजे एकच ठरावीक व्हर्जन लिहा. जावा क्लायंटच्या पॉममध्ये सेलेनियमची रेंज दिलेली असते, पिन नसेल तर काल चाललेला बिल्ड आज नवीन सेलेनियम घेऊन पडतो आणि कोणी कोडला हातही लावलेला नसतो. कुठल्या क्लायंटबरोबर कुठलं सेलेनियम चालतं त्याचा तक्ता जावा क्लायंटच्या रीडमीमध्ये आहे, आधी तो बघायचा मग आकडे टाकायचे.

उत्तर २

वरचं बरोबर आहे, फक्त जावाचं व्हर्जनपण बघून घ्या. सेलेनियम ४.१४ पासून जावा ११ लागतं, क्लायंट ९ लापण, आणि टेस्टएनजी ७.६ पासून तेच. आमच्याकडे लॅपटॉपवर सगळं हिरवं आणि सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणारा सर्व्हर) अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर, त्यात ५५.० हा आकडा. ५५ म्हणजे जावा ११ वर कंपाइल केलेला क्लास, ५२ म्हणजे जावा ८. सीआयच्या मशीनवर जावा ८ च होतं आणि आम्ही अर्धा दिवस पॉम चाळत बसलो होतो. तुम्ही जावा ८ वरच असाल तर सेलेनियम ४.१३ च्या पुढे जाऊ नका, टेस्टएनजी ७.५ ठेवा.

प्रश्नकर्ता

प्रॉपर्टी टाकली, ट्रीमध्ये आता सगळीकडे ४.१३.०, तो एरर गेला! खूप खूप आभार. पण आता सेशन उघडताना ४०४ येतोय.

उत्तर २

सर्व्हरच्या यूआरएलच्या शेवटी डब्ल्यूडी हब (ॲपियम १ चा जुना पाथ) असेल, ते काढा. ॲपियम २ मध्ये डिफॉल्ट पाथ नुसता स्लॅश आहे. खूप ठिकाणी लिहिलेलं असेल तर सर्व्हर सुरू करताना बेस पाथमध्ये जुना पाथ द्या. आणि यूआयऑटोमेटर२ (अँड्रॉइडसाठीचा) ड्रायव्हर वेगळा इन्स्टॉल केलाय ना? ॲपियम २ बरोबर तो आपोआप येत नाही.

प्रश्नकर्ता

ड्रायव्हर होता, हबच काढायचं राहिलं होतं. लॉगिनची टेस्ट पास झाली, आता बाकीच्या लावतो.