मदत हवी आहे: देवराईतली रानमोडी कशी काढायची?

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी देवराईच्या कडेने रानमोडी माजली आहे. मूळची अमेरिकेतली ही झाडी. पान चुरगळलं की उग्र वास येतो, गुरं तोंडही लावत नाहीत. गेल्या वर्षी आम्ही दहा-बारा जणांनी कोयत्याने सगळी तोडली, तर पावसात एकेका बुंध्यातून पाच-सहा फुटवे आले! आता ती पार व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) उतरली आहे. थंडीत फुलली की बी वाऱ्यावर उडून आत देवराईत जाणार, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या काड्यांमुळे वणव्याची धास्ती. तणनाशक नकोच, खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. कुणी मुळासकट खणून काढली आहे का? कोणत्या महिन्यात? आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच काय लावलंत?