बालमानसशास्त्राचा पेपर मोठा की समोरचं मूल?

रानजाई
आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत डी.एल.एड.चे (प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेचे) छात्राध्यापक आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या सरावाला येतात. टाचणं नेटकी, तक्ते देखणे, फलकलेखन आमच्यापेक्षा सुबक. पण व्यक्ती अभ्यासाच्या, म्हणजे एकेका मुलाचा अभ्यास करून लिहायच्या वह्या सहीला आल्या की जीव तुटतो. नाव, वय, कौटुंबिक पार्श्वभूमी, समस्या, कारणे, उपाययोजना, निष्कर्ष, सगळे रकाने भरलेले असतात. समस्या बहुतेक वह्यांत एकच: 'विद्यार्थी अबोल व एकलकोंडा आहे.' कारण: 'पालक अशिक्षित, घरी अभ्यासाचे वातावरण नाही.' उपाय: 'प्रेमाने बोललो, गटात सामील करून घेतले.' आणि निष्कर्ष: 'विद्यार्थ्यात सकारात्मक बदल दिसून आला.'

यंदा ज्या मुलीला अबोल ठरवलं, तिच्या घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलतात. मधल्या सुट्टीत तिचं तोंड मिनिटभर बंद नसतं. वर्गात पुस्तकी मराठीत प्रश्न आला की ती खाली बघते. हे कळायला सुट्टीत दहा मिनिटं मैदानावर उभं राहणं पुरे होतं. वही लिहिणारी छात्राध्यापिका आळशी नाही, तिला तसं उभं राहायला कुणी सांगितलंच नाही.

माझं म्हणणं असं: पहिल्या वर्षाच्या बालविकासाच्या लेखी पेपराचे निम्मे गुण काढा आणि ते एकाच मुलाच्या वर्षभराच्या निरीक्षणाला द्या. महाविद्यालय सुरू झाल्यापासून मूल समोर हवं. तुम्हाला काय वाटतं?

पाटीपेन्सिल
मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताई, तुमचं पटतं, पण आमच्या बाजूनेही बघा. पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आहे. पेपर एकमध्ये १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला आणि पास व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. सगळे बहुपर्यायी प्रश्न. म्हणून पियाजे या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेल्या मुलाच्या विचारवाढीच्या अवस्था आम्ही वयासकट घोकतो: ०-२, २-७, ७-११, मग ११ च्या पुढे. व्यक्ती अभ्यासाचे गुण अंतर्गत, तेही सगळ्यांना जवळपास सारखेच. घरची परिस्थिती बेताची असलेला विद्यार्थी वेळ कुठे घालेल?

खडूफळा
रानजाई, कळकळ पोचली, पण मागणीशी पूर्ण असहमत.

मी बी.एड.ला शिकवतो. आमचा अभ्यासक्रम २०१५ पर्यंत एका वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने तो दोन वर्षांचा झाला आणि किमान २० आठवडे शाळेत घालवणं आलं. म्हणजे प्रात्यक्षिक वाढलेलंच आहे. आटलंय ते वाचन. मुलं गाइडवर पास होतात, मूळ विचारापर्यंत कुणी जात नाही. त्यात तुम्ही पेपरच निम्मा करा म्हणता.

नुसतं बघून काही दिसत नाही. काय बघायचं हे आधी ठाऊक असावं लागतं. एक उदाहरण देतो. सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडायच्या, मोठ्या माणसाने एक रांग पसरवायची आणि 'आता जास्त कुठे?' असं विचारायचं. चार-पाच वर्षांची बरीच मुलं पसरलेली रांग दाखवतात. यावरून पियाजेने म्हटलं की या वयात संख्येचं अक्षय्यत्व, म्हणजे मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे, कळत नाही. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी तीच रांग एका खोडकर टेडीकडून विस्कटवली, तर कितीतरी जास्त मुलांनी 'दोन्हीकडे सारख्याच' असं बरोबर उत्तर दिलं. मोठ्याने मुद्दाम काही बदललं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, की मुलाला वाटतं उत्तर बदलायला हवं. आमचे छात्राध्यापक फळ्याशी उभे राहून रोज हेच करतात: बरोबर उत्तर आलं तरी 'नक्की का?' विचारतात आणि मूल उत्तर फिरवतं. हा वाद वाचलेला असेल तरच ते त्यांच्या ध्यानात येईल.

तुमच्या गोरमाटी मुलीचंही तेच. घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असली की मूल गप्प होतं, हे तुम्हाला माहीत होतं म्हणून तुम्हाला ते मैदानावर दिसलं.

रानजाई
सर, टेडीचं उदाहरण फार मोलाचं आहे, उद्याच वर्गात करून बघते. पण सिद्धांत नकोत असं मी म्हटलेलं नाही. माझा आग्रह क्रमाचा आहे. पियाजेनेही स्वतःच्या तीन मुलांकडे तासन् तास बघून नोंदी केल्या होत्या. आपण त्या नोंदींच्या टिपा उतरवून घेतो.

आमच्याकडे आलेल्या एका छात्राध्यापिकेला मी दुसरीच्या मुलांबरोबर पाण्याचा प्रयोग करायला लावला. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी, मग एका पेल्यातलं पसरट वाडग्यात ओतायचं. एक मुलगा म्हणाला, पेल्यात जास्त, वरपर्यंत आलंय. दुसरी म्हणाली, "तेवढंच आहे, तुम्ही आत्ताच तर ओतलं की बाई." पहिला तरी हटेना, दोघांची चांगली जुंपली. त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या छात्राध्यापिकेने आपणहून पियाजेचं प्रकरण काढून वाचलं आणि मला प्रश्न विचारत बसली. परीक्षेसाठी तिने ते आधी वाचलेलं होतंच.

निळीजांभळी
मी गृहविज्ञान शाखेत मानवी विकास विषय घेऊन एम.एस्सी. करतेय. आमच्या महाविद्यालयाला जोडून बालवाडी आहे, त्यामुळे मुलं रोज समोर असतात. आमच्या मॅडम नोंदीत 'त्याला राग आला' असं लिहिलं की खोडतात. विचारतात, राग तुला कसा दिसला? मग लिहावं लागतं: 'ठोकळा फेकला. दाराकडे तोंड करून बसला. हाक मारल्यावर वळला नाही.' सुरुवातीला फार जाच वाटायचा. आता बसमध्येसुद्धा लहान मूल दिसलं की डोक्यात तशीच वाक्यं तयार होतात.

पण आमच्याकडे अक्षर-अंक कसे शिकवायचे हे जवळपास नाही, आणि डी.एल.एड.वाल्यांकडे सहा वर्षांखालचं मूल फारसं नाही. नव्या धोरणात ३ ते ८ वयाचा एकच पायाभूत स्तर झाला, तरी शिकवणारे दोन वेगळ्या दारांनी तयार होतात. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कसब आहे, हे ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही मानलं आणि पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ग्राह्य धरलं नाही.

डोंगरमाथा
+१ रानजाई. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं, १९५७ ला ते कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शाळाच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढल्या. मूल दिवसभर काय करतं हे आधी पाहिलं, म्हणून ते सुचलं.

खडूफळा
डोंगरमाथा, ताराबाई त्याआधी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या आणि माँटेसोरी पद्धत (साधनं हाताळत मुलाने स्वतः शिकायची) कोळून प्यायल्या होत्या, हेही सांगा ना! महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया घ्यायचं धाडस त्या पायावर झालं.

हिशेबी
दोघांचं वाचलं. निम्मे गुण इकडून तिकडे नेल्याने काही होणार नाही. डी.एड. (डी.एल.एड.चं जुनं नाव) महाविद्यालयांच्या मान्यतेचा प्रश्न आपल्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून शिक्षक-प्रशिक्षणाची पाहणी करणारा न्या. वर्मा आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये अहवाल आला. त्यानंतरही हजेरी कागदावर आणि वह्या मागच्या वर्षीच्या, असली महाविद्यालयं बंद पडलेली नाहीत. उद्या वर्षभराचं निरीक्षण सक्तीचं केलंत तर त्याचीही तयार वही मिळेल. तपासणाऱ्याला मूल माहीत नाही, मूल माहीत असलेल्या शिक्षकाला तपासायला वेळ नाही. रानजाई, तुमच्याकडे किती वर्ग आहेत?

रानजाई
दोन, पहिली आणि दुसरी एकत्र. वर पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती. मुद्दा खरा आहे तुमचा. मार्गदर्शक शिक्षकाला आठवड्यात तासभर मोकळा मिळाल्याशिवाय हे होणार नाही, आणि तो मागायला हवा.

पण एक गोष्ट पैशांशिवाय होते. वहीतले 'समस्या' आणि 'निष्कर्ष' हे रकाने काढा. त्याजागी तारीख, वेळ, जागा आणि मूल काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत. अशी वही उतरवून काढली तर वर्गशिक्षकाला चटकन कळेल, कारण ते बोलणं त्याच्या वर्गातलं नसेल.

खडूफळा
हे मान्य. माझ्या वर्गात येत्या सत्रापासून करतो. पेपर मात्र पूर्ण गुणांचाच राहावा, त्यावर मी ठाम आहे.

पाटीपेन्सिल
सर, एक विचारू? मी वर्षभर बघितलं आणि मुलात काहीच बदल झाला नाही, तर तसं लिहिलेलं चालेल? गुण जाणार नाहीत ना?

खडूफळा
माझ्याकडे चालेल, उलट जास्त देईन. पण तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक येतात आणि वही हातात आली की ते आधी शेवटचं पान उघडतात. त्यांच्याशी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात बोलावं लागेल. तिथे मी एकटा पडतो. रानजाई, तुम्ही शाळेकडून लेखी द्याल का?

रानजाई
देते. केंद्रातल्या आणखी दोघींच्या सह्या घेते. पत्ता व्यनि करा.