‘मुंबई-पुणे-मुंबई’बद्दल समीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे मत इतके वेगळे का पडते?

प्रश्न

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक मराठी चित्रपट दाखवला जातो आणि नंतर अर्धा-पाऊण तास चर्चा होते. गेल्या रविवारी आम्ही सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) दाखवला. सभागृहातील जुन्या पंख्यांची घरघर मोठी आहे. पहिल्या दहा मिनिटांतच मागच्या रांगेतून ‘पंखे बंद करा, बोलणे ऐकू येत नाही’ अशी मागणी आली, आणि ऐन उकाड्यात पन्नासेक माणसे चित्रपट संपेपर्यंत पदराने नाहीतर वर्तमानपत्राच्या घडीने वारा घेत बसून राहिली. मधे कोणीही उठून गेले नाही.

चर्चेत मात्र दोन तट पडले. आमच्यातील दोन सभासद चित्रपटांची परीक्षणे नियमित लिहितात. त्यांच्या मते दोन माणसे दिवसभर बोलत हिंडतात यापलीकडे या चित्रपटात काही घडत नाही, कॅमेऱ्याला फारसे काम नाही, आणि जो शेवट सुरुवातीलाच ओळखता येतो त्याला अडीच ताऱ्यांहून अधिक देता येणार नाहीत. उरलेल्यांना हे अजिबात पटले नाही, परंतु ‘आम्हाला आवडला’ याखेरीज त्यांना कारणही देता येईना. शिवाय विशीतल्या दोन मुलींनी एक वेगळाच आक्षेप घेतला, तो असा की नायक दिवसभर स्वतःची ओळख लपवतो आणि तरी चित्रपट त्याला गोड ठरवतो. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी कृपया येथेच थांबावे, कारण पुढे शेवटाची चर्चा होणार आहे.)

शेवट आधी कळणे हा प्रेमाच्या हलक्याफुलक्या चित्रपटात खरोखर दोष मानावा का? आणि त्या मुलींच्या आक्षेपाला काय उत्तर द्यावे?

प्रतिसाद १ (सदाशिव पेठ)

ताई, शेवट माहीत असूनही गर्दी करणारा प्रेक्षक या शहराला नवा नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले, तेव्हा सुभद्रेचे लग्न अखेरीस अर्जुनाशीच होणार हे नाट्यगृहातील लहान मुलालाही ठाऊक होते. लोक आले ते हे कसे होते, आणि त्या वाटेवर कोण कोणाशी काय बोलतो, ते ऐकायला. त्यातला अर्जुन यतीच्या वेषात सुभद्रेसमोर वावरतो आणि तिला तो कोण आहे हे कळत नाही, म्हणजे आपल्या चित्रपटातील लपवाछपवीही जुन्या घराण्यातली आहे. मुलगी मुंबईहून स्थळ बघायला येते ती मनात नकार पक्का करूनच, आणि जो अनोळखी मुलगा दिवसभर तिच्यासोबत हिंडतो तोच ते स्थळ असतो. एवढ्या धाग्यावर चित्रपट उभा आहे, हे मान्य. पण प्रेमकथेत धागा बारीकच असावा लागतो, कारण तो जाड झाला की बोलण्याला जागा उरत नाही. आपल्या समीक्षक मित्रांनी रहस्यकथेची मोजपट्टी येथे लावली, असे मला वाटते.

प्रतिसाद २ (कर्वेनगर)

काका, ‘सौभद्रा’चा दाखला मला फार आवडला, परंतु त्यातच माझ्या असहमतीचे कारणही आहे. ‘सौभद्र’ पाहताना यती म्हणजे अर्जुन हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत असते, त्यामुळे सुभद्रा फसत असताना आपण सगळे जाणून तिच्याकडे पाहत असतो. चित्रपटात हे गुपित शेवटी उघड होते, म्हणजे पहिल्यांदा पाहणारा प्रेक्षक त्या मुलीइतकाच अंधारात असतो. काहींना अंदाज येतो, पण अंदाज म्हणजे माहिती नव्हे. त्या दोन मुलींचा राग मला पूर्णपणे समजतो, कारण जिने दिवसभर मोकळेपणाने मन उघडे केले तिला समोरचा माणूस कोण हे माहीतच नव्हते, आणि ही विषमता चित्रपट फार लवकर सोडून देतो.

मात्र मी हा चित्रपट दूरदर्शन संचावर किमान सहा वेळा पाहिला आहे आणि दुसऱ्या वेळेपासून तो माझ्यासाठी बदलला. आता गुपित मला माहीत असते, म्हणून तिने न पाहिलेल्या मुलाची टर उडवली की मी तिच्याकडे न पाहता त्याच्या चेहऱ्याकडे पाहते. तो कुठे हसू दाबतो, कुठे क्षणभर दुखावतो, कुठे खरे सांगण्याच्या बेतात येऊन गप्प राहतो, हे सगळे पहिल्या वेळी निसटलेले असते. समीक्षकाला प्रदर्शनाच्या शुक्रवारी एकदा पाहून शनिवार-रविवारच्या अंकासाठी लिहायचे असते, तर आपल्या सोसायटीतील बहुतेकांनी हा चित्रपट कितव्यांदा पाहिला हे त्यांनाही आठवणार नाही. म्हणून मला वाटते की तुमच्या दोन तटांनी मुळात दोन वेगळे चित्रपट पाहिले. पहिल्या पाहण्यात जो शेवट बेतलेला वाटतो, तोच पुढच्या पाहण्यात प्रत्येक वाक्याला दुसरा अर्थ देतो. नायकाची लबाडी त्यामुळे क्षम्य होते असे मी म्हणणार नाही. मला ती आजही खटकते आणि तरीही मी चित्रपट पुन्हा पाहते.

प्रतिसाद ३ (हौशी रंगकर्मी, चिंचवड)

कॅमेऱ्याला काम नाही, या विधानाला माझा आक्षेप आहे. जवळजवळ सबंध चित्रपट दोनच नटांनी पेलायचा असेल, तर ऐकणाऱ्याचा चेहरा किती वेळ दाखवायचा हाच दिग्दर्शनाचा मुख्य निर्णय ठरतो. वरच्या ताईंनी ज्या दाबलेल्या हसूचा उल्लेख केला, ते त्या निर्णयामुळेच आपल्यापर्यंत पोहोचते.

आणखी एक गोष्ट आमच्या गावच्या अभिमानाने सांगतो. मुंबईचा तोरा मिरवणारी ती मुलगी साकारणाऱ्या मुक्ता बर्वे मूळच्या चिंचवडच्या असून पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशिक्षण घेतलेल्या आहेत, तर पुण्याची बाजू हिरिरीने लढवणारे स्वप्नील जोशी मुंबईत वाढलेले आहेत. दोघेही ज्या शहरावर तोंडसुख घेतात ते त्यांचे स्वतःचेच आहे. त्या भांडणात कडवटपणा कुठेही येत नाही, त्याचे एक कारण मला यात दिसते.

समीक्षकांचे मला जे पटते तेही नोंदवतो. पहिल्या चित्रपटात त्या दोघांना नावेच नव्हती. २०१५च्या दुसऱ्या भागात ती गौतम आणि गौरी झाली, दोन्हीकडची कुटुंबे आली, आणि प्रशांत दामले, सुहास जोशी यांच्यासारखे कसलेले कलावंत असूनही ते दोघे बऱ्याच वेळा नातेवाइकांच्या गर्दीत हरवले. २०१८च्या तिसऱ्या भागात तर पालकत्वाचा विषय आला आणि दोघांतले बोलणे आणखी मागे पडले. नावे नसताना तो मुलगा पुण्यातल्या कोणत्याही वाड्यातला असू शकत होता. प्रेक्षकांनी तिन्ही भागांवर सारखेच प्रेम करावे असा आग्रह धरणे योग्य नाही, आणि येथे परीक्षणे लिहिणाऱ्यांचे कान अधिक तयार आहेत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. कर्वेनगरच्या ताईंचा प्रतिसाद मी आमच्या दोन्ही समीक्षक सभासदांना वाचून दाखवला. त्यांपैकी एकाने प्रांजळपणे सांगितले की २०१० साली एकदा आणि गेल्या रविवारी एकदा, असे त्यांनी हा चित्रपट दोनदाच पाहिला होता आणि मधल्या काळात शेवट विसरला होता. पुढच्या रविवारी चित्रपटाचा पहिला अर्धा तास पुन्हा दाखवायचे ठरले आहे. या वेळी सर्वांनी फक्त नायकाच्या चेहऱ्याकडे पाहायचे, आणि चर्चेत आधी त्या दोन मुलींना बोलू द्यायचे. कार्यक्रम सकाळी आठला ठेवला आहे, म्हणजे पंखे सुरुवातीपासूनच बंद ठेवता येतील.